रिकाम्या गावातला धूर

"मास्तर, गावात धूर!"

मंजुळा ओरडली तेव्हा मी कातळावर ओणवा होऊन खडूने गोल काढत होतो. मान वर केली. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, माडांच्या शेंड्यांवरून, निळसर धुराची एक बारीक दोरी सरळ वर चढत होती. वारा अजिबात नव्हता. डिसेंबरातली सकाळ होती, आणि त्या वेळी कांदळखोल गावात एकही माणूस नसायला हवा होता.

आसपासच्या खोपींतून माणसं बाहेर आली. धूर कुठून निघतोय ते सगळ्यांनी नीट पाहिलं, आणि मग सगळेच दुसरीकडे बघायला लागले. कोणी गुरांकडे, कोणी स्वतःच्या पायांकडे. मला ते तेव्हाच खटकलं. घरात कोणी शिरलंय असं कळलं की माणसं ओरडतात, काठ्या शोधतात. ही माणसं एकदम मुकी झाली होती.

"चोर असेल," मी म्हणालो. "गाव रिकामं बघून शिरलाय कोणीतरी. चला, चौघे जाऊन बघू."

"खंय जाताय?" आबा परबांनी हात आडवा घातला. आबा गावचे पहिले मानकरी. त्यांच्या शब्दाबाहेर गावात कोणी जात नसे. "शीव ओलांडूची नाय. तीन दिस गाव देवाचो." मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "मास्तरांनू, सकाळी तुमी खंय गेल्लात?"

"व्हाळावर. तोंड धुवायला."

"ह्या बाजूक काय त्या बाजूक?"

सगळ्या नजरा गुरांवरून आणि पायांवरून उठून माझ्यावर आल्या.

त्या प्रश्नात काय होतं ते समजायला गावपळण समजायला हवी. कांदळखोलमध्ये दर तीन वर्षांनी सगळा गाव शिवेबाहेर जाऊन राहतो. म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. चुलीत पाणी ओतायचं, दार ओढून घ्यायचं आणि निघायचं. निघताना मागे वळून बघायचं नाही. मागून कोणाची हाक आली तरी ओ द्यायची नाही, कारण ती हाक माणसाची असेलच असं नाही. तीन दिवस, तीन रात्री व्हाळापलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. चौथ्या सकाळी शिवेवरच्या पाषाणाला कौल लावायचा. ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर घरी जायचं, डावी पडली तर पुन्हा तीन दिवस उघड्यावर. कौलाआधी गाऱ्हाण्यात देवाला सांगावं लागतं की गाव रिकामा आहे, मागे चिटपाखरू नाही.

मी पंचविशीतला, जतकडच्या माळावरचा. गावात माझं नाव 'घाटी मास्तर'. गावपळणीच्या आदल्या दिवशी मी आबांकडे जाऊन सरळ विचारलं होतं की पेपर तपासायचे आहेत, मी शाळेतच राहिलो तर चालेल का. आबांनी नकारार्थी मान हलवली होती. माझ्या आधीच्या मास्तरांनी असंच काहीतरी केलं होतं आणि त्यांना गाव सोडावं लागलं होतं. त्यानंतर दीड वर्ष शाळेचं कुलूप निघालं नव्हतं. तिसरीतली मंजुळा खरं तर चौथीत असायला हवी होती.

"त्या बाजूला गेलो नव्हतो," मी म्हणालो.

"बरा," आबा म्हणाले. ते 'बरा' कोणालाच खरं वाटलं नाही.

धूर थोड्या वेळात थांबला. मी पुन्हा खडू हातात घेतला. खरं सांगायचं तर त्या सड्यावर मला गप्प बसवत नव्हतं. माझ्या गावी घराला घर टेकलेलं. शेजारीण भाकरी थापते तो आवाज आपल्या भिंतीतून येतो. इथे प्रत्येक घर आपापल्या माडा-पोफळीत दडलेलं, एका घरून दुसऱ्या घरी हाक पोचायची नाही. पुस्तकात याला विखुरलेली वस्ती म्हणतात, आणि मुलांनी ते पाठही केलं होतं. पण पाठ करणं वेगळं. आता तीच माणसं एका रात्रीत एकमेकांना खेटून राहायला आली होती. विखुरलेल्या वस्तीची केंद्रित वस्ती झाली होती, मुलांच्या डोळ्यांसमोर! काळाकुळकुळीत कातळ हाच फळा. एक गोल म्हणजे एक खोप.

"आता प्रत्येक गोलात त्या खोपीतली माणसं लिहू," मी म्हणालो. "मंजुळा, तुमच्याकडे कोण कोण?"

"आई, बाबा, काको, आणि..."

"ह्या काय चललाहा?" आबा परत आले होते.

"लोकसंख्या, आबा. भूगोल."

"हय माणसा मोजूची नसतत."

"अहो, मुलं नुसतं..."

आबांनी वहाणेच्या तळव्याने पहिला गोल पुसला. मग दुसरा. मुलं मागे सरकली. सगळे गोल पुसून झाल्यावर कातळावर पांढरा धुरळा उरला. आबांना धाप लागली होती. साठीच्या माणसाने एवढ्या कष्टाने खडू का पुसावा, हे मला कळेना. मोजणीत असं काय निघणार होतं, की जे निघू नये असं त्यांना वाटत होतं?

त्या दिवसापासून मी बघायला लागलो.

माझ्या शेजारची खोप सुलोचना राण्यांची. सुलूकाकी. तिच्या तीन दगडांच्या चुलीवर पेज रटरटत होती आणि वर सायीचा पातळ पापुद्रा धरला होता. मुलं नकाशा गेल्याने हिरमुसली होती, म्हणून मी त्यांना टोपाभोवती बसवलं. खालून बुडबुडा आला की पापुद्र्याला चीर पडायची. एक तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकायचा. कुठे दोन तुकडे समोरासमोर भिडून सुरकुती उभी राहायची.

"आपली जमीन अशीच आहे," मी म्हणालो. "तुकड्यातुकड्यांची. खालची उष्णता तिला ढकलते. फक्त इतकी हळू, आपली नखं वाढतात तेवढी, म्हणून कळत नाही. दोन तुकडे भिडले की अशी सुरकुती येते. ही सुरकुती म्हणजे हिमालय."

"मगे हिमालय कोण खातलो?" मंजुळाने विचारलं.

"मास्तरांनू, तुमची पृथ्वी करपता. बाजूक व्हा," सुलूकाकी म्हणाली. तिने टोप उतरवला. आणि कोणालाही वाढायच्या आधी एक कडीचा डबा काठोकाठ भरून, झाकण दाबून, झावळ्यांमागे सरकवला.

काकीचा नवरा आणि दोन्ही पोरं समोर पानं मांडून बसली होती.

"तो डबा कोणाला, काकी?"

"म्हशीक."

"म्हैस डब्यातून पेज पिते?"

"आमची पिता," काकी म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पदर खोचून उठली. म्हैस दहा पावलांवर बांधली होती. तिने गवतातून तोंडही वर केलं नाही.

दुपारी काकी पातेरा, म्हणजे वाळकी पानं, गोळा करायला म्हणून गेली. परत आली तेव्हा टोपलीत पातेरा मूठभर आणि लुगड्याचा काठ भिजलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मला खात्री वाटायला लागली. गावात कोणीतरी लपलंय, आणि काकी त्याला पोसतेय. काय असेल? मुंबईहून काही भानगड करून पळून आलेला नातेवाईक? की रिकाम्या घरांतून भांडीकुंडी उचलणारा, आणि काकीचा त्यात वाटा? तिच्याविषयी असा विचार करताना मला वाईट वाटत होतं, पण दुसरीकडे माझ्याभोवती काय चाललं होतं तेही दिसत होतं. मी जवळ गेलो की बोलणी थांबत. तुळाजी मेस्त्रीने आपली पोरं माझ्याकडे पाठवणं बंद केलं. पाण्याला गेलो तर कोणीतरी हटकून मागे येई. आणि संध्याकाळी आबा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कौल डावो लागलो, तर कोणामुळे लागलो ता गावाक कळतला. मगे येस्टी खंयसून सुटता ता मास्तरांका आमी दाखवू."

म्हणजे गावात कोण आहे ते शोधून काढलं तरच मी वाचणार होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी टोपली घेऊन निघाली तसा मीही निघालो. व्हाळात गुडघाभर पाणी. पलीकडे गावात शिरलो. कोंबडा नाही, कुत्रं नाही, रहाटाचा आवाज नाही. उंबरठ्यांवर पिवळी पानं पडलेली. वरची वाडी आणि खालची वाडी जिथे वेगळ्या होतात तिथल्या बांधावर एक ठेंगणं घर होतं. काकी तिथे वळली. मी गवताच्या उडवीआड थांबलो. थोड्या वेळाने काकी मोकळी टोपली हलवत गेली.

मी उडवीबाहेर पाऊल टाकणार, तेवढ्यात खालच्या वाटेने कोणीतरी आलं. धोतर वर खोचलेलं, बगलेत पितळी डबा. दर चार पावलांवर थांबून मागे बघत होतं.

आबा परब!

मी पुन्हा आड झालो. आबा आत गेले, लगेच बाहेर आले, उपरण्याने डोळे पुसले आणि आले तसे वाटेला लागले. मी बराच वेळ थांबलो. आणखी कोण येईल याचा आता नेम नव्हता. मग पुढे झालो.

पडवीत घोंगडीवर एक म्हातारी बसली होती. एका पायाला हळदीचा लेप आणि चिंधी. तिच्यापुढे भिंतीलगत डबे, तांबे, झाकणाच्या पातेल्यांची रांग.

"आता कोण ता?" ती म्हणाली. "अगो बाई, शाळेतलो मास्तर! तुजो डबो खंय?"

"आणला नाही, आजी."

"बरा झाला. ठेवूक जागा नाय."

ती भागीआजी. एकटीच होती, मागे-पुढे कोणी नाही. मी गावात दीड वर्ष होतो आणि तिला पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

मी त्या भांड्यांकडे बघत होतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असते. कडीच्या डब्यावर 'सौ. सुलोचना राणे'. तांब्यावर 'तुळाजी मेस्त्री'. एका पातेल्यावर 'द. बा. घाडी'. हा दाजी घाडी, शिवेवर गाऱ्हाणं घालणारा. आणि पितळी डब्यावर, जुन्या वळणदार अक्षरांत, 'कै. राधाबाई परब यांचे स्मरणार्थ'. आणखीही होती. वाचायचं मी सोडून दिलं.

"आजी, तुम्ही मागे कशा राहिलात?"

"पाय मुरगळलो आदल्या दिसा. वरच्या वाडीवाल्यांका वाटला, खालचे न्हेतले. खालच्यांका वाटला, वरचे. हय बसान आयकत होतंय मी. गुरां गेली, कुत्री गेली, पोरांचो गलको गेलो. मगे कायच आयकाक येयना."

"हाक नाही मारलीत?"

"मारलंय तर! घसो बसलो." ती हसली. "पण मागसून हाक इली तर ओ देऊची नसता ना. चुकी त्यांची नाय."

मी तिथेच पायरीवर बसलो.

"सकाळी चूल पेटवलंय," ती सांगत होती. "धूर बघून पयलो आबा इलो. रडाक लागलो मेलो. म्हणालो, चूल पेटवू नको, मी पेज हाडून देतंय, पण कोणाक सांगू नको. तो गेलो नि सुलू इली. ती पण म्हणाली, कोणाक सांगू नको. मगे तुळाजी. मगे दाजी. सगळ्यांचा एकच, कोणाक सांगू नको. अरे पण गावात आसा कोण, मी सांगूचा कोणाक?"

"मला सांगितलंत की."

"तू भायलो. तुका सांगला म्हणजे कोणाकच सांगूक नाय." तिने एक डबा माझ्याकडे सरकवला. "ह्या खा. सुलूची पेज. थोडी करपली हा."

मी खाल्ली. ती बोलत राहिली. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, तुळाजीच्या बायकोचे गुडघे, आबांचं रात्री झोप न येणं. तीन दिवसांत सगळ्या गावाच्या गजाली तिच्याकडे जमल्या होत्या. मी निघालो तर म्हणाली, "बस रे मरे. घाई कसली?"

सांजावताना सड्यावर पोचलो. माझ्या खोपीच्या तोंडाशी आबा उभे होते.

"मास्तरांनू, पाय ओले आसत तुमचे."

"आबा, धोतराचा काठ तुमचाही ओला आहे."

त्यांनी वाकून काठ पिळला. मग म्हणाले, "मी मानकरी. शीव बघूक जातंय."

"मीही शीवच बघत होतो."

"काय दिसला?"

"एक गवताची उडवी. तिच्यामागून बरंच दिसतं."

आबा खाली बसले. तोंडावरून हात फिरवून हलक्या आवाजात म्हणाले, "उद्या दाजी देवाक सांगतलो, गाव रिकामो आसा म्हणान. खोटा सांगलो तर कौल फिरतलो. खरा सांगलो तर त्या म्हातारीचा नाव येतला. तीन दिसांनी गाव पुन्हा बसात, पण कोणाची म्हैस आटली, कोणाचो पोरगो आजारी पडलो, तरी नाव तिचाच येतला. तिका जगूक देवचे नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी गेल्लात शिवेआत, ह्या खरा आसा. तेवढाच सांगूया. तुमी भायले. तुमका देव माफ करतलो. आमका नाय."

"आणि शाळा?"

आबा उठून चालू लागले. मीही खोपीत येऊन आडवा झालो. आबा हे एवढं माझ्याशी बोलले, पण पलीकडच्या खोपीतल्या सुलूकाकीशी एक शब्द बोलले नव्हते. काकी तुळाजीशी बोलली नव्हती. त्या सड्यावर प्रत्येकाला वाटत होतं की नियम आपण एकट्यानेच मोडलाय, आणि बाकीचे आपल्यावर डोळा ठेवून आहेत.

चौथ्या सकाळी सगळा गाव पाषाणापुढे उभा राहिला. दाजी घाड्याने नारळ ठेवला, पाकळ्या चिकटवल्या. आबा त्याच्या उजव्या हाताला. मी मुलांच्या मागे उभा होतो. मंजुळाने आपण होऊन माझा हात धरला होता आणि तिची आई तिला डोळ्यांनी दटावत होती.

"दाजी," आबांचा आवाज चिरकला. "आधी एक सांगूचा आसा देवाक. शीव ओलांडून कोण..."

दाजीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. त्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गाव तुझ्या येशीभायर उभो आसा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"लेकरा-बाळा, गुरा-वासरा घेवन, तुझो शब्द पाळून तीन दिस उघड्यार रवलो..."

"व्हय म्हाराजा!"

आता पुढचं वाक्य होतं. गाव रिकामा आहे. दाजी थांबला. इतका वेळ थांबला की एका वासराच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग तो म्हणाला, "निघताना आमी एक माणूस इसारलो, म्हाराजा. ता माणूस आमी तुझ्याकडे ठेवलेला. तू ता सांभाळलंस..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुलूकाकी ओरडली, "व्हय म्हाराजा!" एकटीच. तिने दचकून तोंडावर हात ठेवला. पण तिच्या मागून तुळाजीचा आवाज आला, आणि मग दोन्ही वाड्यांचा, असा की सड्यावरचे पक्षी उडाले. आबांचे ओठ हलले.

उजवी पाकळी पडली.

गावात शिरल्यावर आधी कोणी घरी गेलंच नाही. जो तो काहीतरी निमित्त काढून बांधावरच्या त्या घराकडे वळला. सुलूकाकीने पदराखाली हात घालून आपला डबा हळूच उचलला, आणि मान वर केली तर समोर तुळाजी आपला तांब्या धोतराच्या सोग्यात लपवत होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मागून आबा आले. आईच्या नावाचा पितळी डबा त्या दोघांच्या मध्ये होता.

"आबानू, तुमी पण?" काकी म्हणाली.

पहिल्यांदा हसली ती भागीआजी. मग कोणालाच आवरेना. आबा हसता हसता खाली बसले आणि बराच वेळ वर उठले नाहीत. माझ्याजवळून जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "मास्तरांनू, शाळा कधी उघडतास?"

शाळा दुसऱ्याच दिवशी उघडली. तुळाजीची पोरंही आली.

नंतर पौष संपत आला तेव्हा मी मुलांना घेऊन गावाचा नकाशा काढायला निघालो. वरच्या वाडीपासून सुरुवात केली. घर, विहीर, वाट, देऊळ. दुपारच्या सुमारास आम्ही बांधावर आलो. पडवी झाडून लख्ख होती. भिंतीलगत काही नव्हतं. भागीआजी उंबऱ्यावर बसली होती, पाय आता बरा दिसत होता. मुलं बघून तिचा चेहरा असा फुलला की मी आवाज न करता सगळ्यांना पडवीत बसवलं.

"आजी, कोणी येतं की नाही?" मी विचारलं.

"कामा नसतत लोकांका?" ती म्हणाली. मग मुलांकडे वळून तिने विचारलं, "काय गो, गाव आता परत कधी पळतलो?"

"तीन वर्सांनी," मंजुळा म्हणाली.

आजीने थोडा विचार केला.

"तवा माका परत इसरान जावा, हां," ती म्हणाली.